पाणी विमानाला सहजासहजी सोडत नाही

विमानाला चाकांऐवजी होड्या लावल्या की झालं सी-प्लेन, असं वाटतं ना? पण तरंगायला काय, ओंडकाही तरंगतो, खरी मारामारी आहे ती पाण्यातून सुटण्याची.

घरी करून बघा. चमचा दांड्याला अगदी हलका धरायचा आणि त्याची फुगीर पाठ नळाच्या धारेला नुसती टेकवायची. वाटतं धार त्याला ढकलेल, पण चमचा उलट धारेतच ओढला जातो. विमानाच्या बुडाचंही हेच होतं, मागच्या बाजूला वर वळत गेलेलं बूड पाण्याला चिकटून राहतं आणि इंजिन कितीही बोंबललं तरी विमान सुटत नाही.

यावर उपाय एकदम साधा, बुडाला साधारण मध्यावर चक्क एक पायरी ठेवायची. अमेरिकेच्या ग्लेन कर्टिसने १९१२ च्या फ्लाइंग बोटीत, म्हणजे ज्याचं बूडच होडीसारखं असतं अशा विमानात, ती वापरली. सुरुवातीला विमान नाक वर करून पाणी नांगरत जातं, तेव्हा विरोध सगळ्यात जास्त असतो, पण तेवढा टप्पा पार झाला की पाणी पायरीच्या कडेवरून तुटतं, मागे हवा शिरते आणि विमान स्पीडबोटीसारखं पाण्यावरून घसरत सुटतं, मग उडायला कितीसा वेळ.

पाण्यावरून पहिलं उड्डाण त्याआधीच, २८ मार्च १९१० ला, फ्रान्सच्या आंरी फाब्रने केलं होतं. आणि होड्या लावलेलं विमान म्हणजे धिम्मं असंही समजू नका हं, १९३४ मध्ये इटलीच्या माकी एम.सी.७२ ने ताशी ७०९ किमी वेग गाठला! तेव्हा जगात त्याहून वेगवान विमान नव्हतं. कारण पाण्यावर धावायला हवी तेवढी जागा, त्यामुळे टेकऑफसाठी मोठे पंख लागत नाहीत, छोटे चालतात.

उतरताना मात्र वेगळीच भानगड. मोठ्या लाटा वाईट हे कुणीही सांगेल, पण वारा पडलेला आणि पाणी आरशासारखं, हेही पायलटला नको असतं, कारण खाली फक्त आभाळाचं प्रतिबिंब, पाणी पन्नास फुटांवर आहे की पाच, डोळ्यांना कळतच नाही. मग डोळ्यांवर विसंबायचंच नाही. नाक थोडं वर, इंजिन चालू, मिनिटाला जेमतेम दीडशे फूट या हिशोबाने खाली येत राहायचं आणि वाट बघायची, बुडाखाली पाणी खरवडल्याचा आवाज येईपर्यंत.