एकेरी तुऱ्याचं पिल्लू येतं कुठून?

वायनडॉट जातीच्या कोंबड्या हौसेने पाळणाऱ्याला एक दिवस हा धक्का बसतोच. कोंबडा आणि कोंबडी दोन्ही चांगल्या पैदाशीतले, प्रदर्शनात बक्षीस मिळवलेले, दोघांच्याही डोक्यावर जातीला शोभणारा गुलाबतुरा. अंडी उबवायला ठेवली, एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर आली, आणि त्यातल्या एकाच्या चोचीच्या मुळाशी रुंद, खरबरीत पट्टी असायला हवी तिथे बारीकशी उभी रेघ. म्हणजे एकेरी तुरा, साध्या गावठी कोंबड्याला असतो तसा. मग लगेच निकाल लागतो की विकणाऱ्याने फसवलं, रक्तात भेसळ आहे.

बहुतेक वेळा भेसळ नसते. ज्या तुऱ्यासाठी कोंबड्याला बक्षीस मिळतं, त्या तुऱ्याच्या जनुकातच हे पिल्लू पुन्हा पुन्हा जन्माला येण्याचं कारण दडलेलं आहे. मला ही गोष्ट इतकी आवडते की थोडं सविस्तरच सांगतो.

गुलाबतुरा हा डोक्याला चिकटून बसलेला रुंद, मांसल, लाल भाग. त्यावर मोहरीएवढ्या उंचवट्यांची दाटी असते आणि मागे एक निमुळतं टोक. वायनडॉटमध्ये हे टोक डोक्याच्या उताराबरोबर खाली वळलेलं लागतं, हॅम्बर्ग जातीत ते सरळ मागे जातं. प्रदर्शनाआधी लोक पक्ष्याला कोमट साबणपाण्याने आंघोळ घालतात, तुऱ्यावर आणि पायांवर व्हॅसलीनचा हात फिरवतात, एवढं त्या तुऱ्याचं महत्त्व. अमेरिकेत जातींची मानकं ठरवणारा ग्रंथ १८७४ मध्ये निघाला आणि रुपेरी किनारीच्या पिसांच्या वायनडॉटला त्यात १८८३ मध्ये जागा मिळाली. एकेरी तुऱ्याचा वायनडॉट प्रदर्शनात थेट बाद होतो. शंभराहून जास्त वर्षं पैदासकार अशी पिल्लं वेगळी काढत आले आहेत. तरी ती येतातच.

शाळेतला मेंडेल आठवा. गुलाबतुऱ्याचं जनुक प्रभावी, एकेरी तुऱ्याचं अप्रभावी. वाटाण्याचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांनी १९०२ मध्ये दाखवलं, ते कोंबड्यांच्या तुऱ्यावरच. गुलाबतुऱ्याची एक प्रत आणि एकेरीची एक प्रत असलेला कोंबडा दिसायला अस्सल गुलाबतुऱ्याचा असतो. परीक्षकाला फरक कळणं शक्यच नाही. असे दोघे एकत्र आले की सरासरी चार पिल्लांत एक एकेरी तुऱ्याचं.

आता हिशेब. समजा शंभर पिल्लांत एक एकेरी तुऱ्याचं निघतं. एका पिल्लाला दोन्ही प्रती एकेरीच्या मिळण्याची शक्यता शंभरात एक, म्हणजे एकूण प्रतींमध्ये एकेरीच्या प्रती दहात एक. त्यावरून छुपे वाहक, म्हणजे एकेरीची एकच प्रत बाळगणारे, निघतात शंभरात १८. आपण बाद करतो एक आणि १८ शांतपणे दाणे टिपत असतात. प्रत्येक पिढीत दिसेल ते एकेरी पिल्लू बाजूला काढत गेलं, तर दहा पिढ्यांनी प्रमाण ४०० त एकावर येतं आणि शंभर पिढ्यांनी साधारण १२,००० त एकावर. हळूहळू का होईना, ते नगण्य व्हायला हवं. प्रत्यक्षात पैदासकारांना ते याहून फार जास्त वेळा भेटतं. म्हणजे कुणीतरी एकेरीच्या प्रतीला मागून हात देतंय.

तो हात कोणाचा, याचं उत्तर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आहे. कोंबडीच्या सातव्या गुणसूत्राचा डीएनएच्या सुमारे ७४ लाख अक्षरांचा तुकडा केव्हातरी निखळला आणि उलटा होऊन परत जोडला गेला. या उलथापालथीत एमएनआर२ नावाचं जनुक नव्या शेजारात जाऊन पडलं, आणि अंड्यातल्या गर्भाचा तुरा घडत असताना, जिथे ते गप्प असायला हवं तिथे थोडा काळ जागं होऊ लागलं. उभ्या पात्याची पसरट गादी झाली ती त्यामुळे. पण तुकडा जिथे तुटला त्यातल्या एका सांध्यावर सीसीडीसी१०८ नावाचं दुसरं जनुक होतं. तेही मोडलं. संशोधकांच्या मते शुक्राणूंच्या हालचालीत बिघाड होतो तो या मोडतोडीमुळे. एक प्रत शाबूत असली की काम भागतं. दोन्ही प्रती गुलाबतुऱ्याच्या असल्या की कोंबड्याचे शुक्राणू मंद पोहतात. मादीला काही त्रास नाही.

कोंबडीच्या बाबतीत हे मंद पोहणं महागात पडतं. तिच्या अंडनलिकेत शुक्राणू साठवणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात. एका संयोगानंतर दोनेक आठवडे, कधी जास्तही, फलित अंडी मिळतात ती या साठ्यावर. चांगलं पोहणाराच या नळ्यांपर्यंत पोचतो. एका कळपात शुद्ध गुलाबतुऱ्याचा एक आणि छुपा वाहक एक असे दोन कोंबडे ठेवा, जास्त पिल्लं वाहकाची होतील. पैदासकार एकेरी प्रत समोरून बाहेर काढतो, शुक्राणूंची शर्यत तिला मागच्या दाराने आत घेते.

या नळ्यांवरून एक जुना गैरसमजही सांगायला हवा. परजातीचा कोंबडा एकदा लागला की कोंबडी कायमची बाटली, तिची पिल्लं कधीच शुद्ध निघणार नाहीत, असं मानणारे अजून आहेत. ते साफ खोटं आहे. साठा संपेपर्यंत थांबायचं, तीन-चार आठवडे तिला वेगळं ठेवायचं, की विषय मिटला. चांगल्या कोंबड्या या समजुतीपायी कापल्या गेल्या आहेत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कोंबडा वाहक आहे का, हे घरच्या घरी कळतं. त्याला एकेरी तुऱ्याच्या कोंबड्यांबरोबर ठेवायचं. एक जरी पिल्लू एकेरी तुऱ्याचं निघालं तर तो नक्की वाहक. ओळीने सात पिल्लं गुलाबतुऱ्याची निघाली, तर तो वाहक असूनही असं घडण्याची शक्यता १२८ त एक. पण ही चाचणी लावून सगळे वाहक काढून टाकायच्या आधी थांबा. कळप पूर्ण शुद्ध केला की न फुटणारी अंडी वाढू लागतात. म्हणून जाणते पैदासकार सुडौल बांध्याची, नीट किनारीच्या पिसांची एखादी एकेरी तुऱ्याची वायनडॉट कोंबडी मुद्दाम राखून ठेवतात. प्रदर्शनाच्या पिंजऱ्यात ती कधीच जाणार नाही. शुद्ध गुलाबतुऱ्याच्या कोंबड्याला तिच्याबरोबर सोडलं, तर अंडी कमी का फुटेनात, निघालेलं प्रत्येक पिल्लू गुलाबतुऱ्याचं असतं आणि त्यातला प्रत्येक नर मोठा झाल्यावर जोमदार शुक्राणूंचा निघतो.