“क्लायंटने दिले की देतो”: रेफरल आणि सबकॉन्ट्रॅक्टचा घोळ

“क्लायंटचे पैसे आले की लगेच टाकतो.” पणजी-पर्वरीतल्या एजन्सींची कामं घेणाऱ्या कुठल्याही डिझायनरला किंवा कोडरला हे वाक्य तोंडपाठ असतं. मला एजन्सीपेक्षा जास्त वैताग येतो तो ते ऐकून “बरोबरच आहे की” म्हणणाऱ्या आमच्याच माणसांचा. हे वाक्य रेफरलमध्ये बरोबर आहे. सबकॉन्ट्रॅक्टमध्ये साफ चूक आहे.

रेफरल गोव्यात कुणाला शिकवायला नको. टॅक्सीवाला पर्यटकाला गेस्ट हाउसवर सोडतो आणि कमिशन घेतो, तेच हे. एजन्सी गाठ घालून देते, इन्व्हॉइस तुम्ही थेट क्लायंटच्या नावाने काढता, पैसे तुमच्या खात्यात येतात आणि ठरलेला वाटा एजन्सीला जातो. क्लायंट पैसेबुडव्या निघाला तर तुमचे पैसे गेले, एजन्सीचं कमिशनही गेलं. संपलं.

सबकॉन्ट्रॅक्टमध्ये क्लायंट एजन्सीचा, आणि एजन्सी तुमची क्लायंट. यातला दुसरा भाग लोक विसरतात. समजा, क्लायंट हॉटेलवाला आहे. त्याचा करार एजन्सीशी असतो, एजन्सीचा तुमच्याशी. हॉटेलवाल्याशी तुमचा करारच नाही, त्यामुळे थकलेल्या पैशांसाठी तुम्ही त्याच्या दारात जाऊ शकत नाही. काम व्हाइट लेबल, म्हणजे एजन्सीच्याच नावाने जाणारं असेल तर त्याला तुमचं नावही ठाऊक नसतं. मग त्याने एजन्सीला पैसे दिले की नाही, याच्याशी तुमचा संबंध काय?

पाडेल्याकडे बघा. तो माडावर चढतो, नारळ पाडतो, माडामागे ठरलेले पैसे घेतो आणि पुढच्या भाटात, म्हणजे बागेत, जातो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ते नारळ खपले का, याची वाट बघत तो भाटकाराच्या सोप्यावर बसत नाही. आपण मात्र लॅपटॉप मांडीवर घेऊन नेमके तसे बसतो.

आता मार्जिनकडे या, कारण खरी गोम तिथे आहे. समजा, क्लायंट एका वेबसाइटचे १ लाख रुपये देतो. रेफरल असेल तर एजन्सीला समजा १० हजार जातील आणि ९० हजार तुमचे राहतील. सबकॉन्ट्रॅक्ट असेल तर एजन्सी १ लाखाचं बिल लावते आणि तुम्हाला ६० हजार कबूल करते. मधले ४० हजार कशाचे? क्लायंटच्या मीटिंगा, त्याचे रात्री अकराचे व्हॉट्सॲप, “लोगो जरा मोठा करा” हे ऐकून घेणं, आणि पैसे वेळेवर न येण्याचा धोका. मार्जिन त्या धोक्याचंही असतं. ४० हजार ठेवून घ्यायचे आणि धोका तुमच्या गळ्यात घालायचा, याचा अर्थ सबकॉन्ट्रॅक्टचा भाव लावून रेफरल विकलं.

लहान एजन्सीचा जीवही काही मोठा नसतो, हे मान्य. मग सरळ सांगा: हा धोका घेणं जमणार नाही, रेफरल करू, १० टक्के द्या. मी आनंदाने करीन. नाहीतर निम्मे पैसे आगाऊ द्या.

मी हे ठेचकाळूनच शिकलो. एका एजन्सीमार्फत रिसॉर्टची वेबसाइट एप्रिलअखेर करून दिली. सीझन संपला, पाऊस लागला, रिसॉर्टवाला फोन उचलेना. एजन्सी म्हणाली, “चवथीच्या आधी नक्की.” चवथ झाली. ऑक्टोबरात त्याच वेबसाइटवरून बुकिंग सुरू झालं, तरी मी गप्पच. थांबणं हा आपल्या धंद्याचाच भाग, अशी माझी समजूत होती.

कायद्याची तशी समजूत नाही. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी असेल तर २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याप्रमाणे एजन्सी हीच खरेदीदार ठरते. लेखी मुदत ठरली असेल तर तेवढ्यात, पण काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवसांत. काम दिल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर दिल्या दिवशीच ते स्वीकारलं असं धरतात. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे अशी थकबाकीची प्रकरणं ऐकणाऱ्या मंडळाकडे करता येते. या सगळ्यात एजन्सीचा क्लायंट कुठेच येत नाही. शिवाय २०२३-२४ पासून अशी थकबाकी एजन्सीला आयकरात खर्च म्हणून तेव्हाच दाखवता येते, जेव्हा ती खरोखर भागवलेली असते. मार्चमध्ये याची आठवण करून दिली की अकाउंटंट स्वतःहून फोन करतो. नोंदणी मात्र काम घेण्याआधी करा. ती फुकट असते. पैसे मागणारा एजंट भेटलाच तर चहा पाजून परत पाठवा.

आपलं प्रकरण दोहोंपैकी कुठलं, हे ओळखायला पहिल्याच फोनवर विचारा: “इन्व्हॉइस कुणाच्या नावाने काढू?” उत्तर “आमच्या” असेल, तर मुदतीची तारीखही त्याच फोनवर ठरवा आणि मेलवर घ्या. “बघू नंतर” म्हणणाऱ्याचं काम मी घेत नाही.

टीडीएस, जीएसटी हे फरक किरकोळ, सीए सांगेल. हक्कांचं थोडं वेगळं आहे. फ्रीलान्सरने लिहिलेल्या कोडचा आणि मजकुराचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, १९५७ च्या कायद्याने मुळात त्याचाच. पैसे घेऊन काढलेल्या फोटोंचा तसा नसतो. आपला कॉपीराइट हस्तांतरित करायला सहीचा कागद लागतो, आणि कागदावर काळ लिहिला नसेल तर हस्तांतर ५ वर्षांपुरतंच धरतात. त्यामुळे सबकॉन्ट्रॅक्टमध्ये तुमची सही नसेल, तर क्लायंटला द्यायला एजन्सीच्या हातात कॉपीराइटच नसतो. ती सही मी शेवटचा हप्ता जमा झाल्यावर करतो.