अजिंठ्याच्या नकला जळाल्या, भिंत उरली

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात एका खांबावर बुद्धाची रंगवलेली आकृती आहे आणि तिच्याच अंगावर कोरून ठेवलंय: जॉन स्मिथ, २८वं घोडदळ, २८ एप्रिल १८१९. ही अक्षरं वाचायला मान वर करावी लागते. स्मिथ ताडमाड होता म्हणून नव्हे, तर तेव्हा लेण्यात दगडमातीचा एवढा ढीग साचला होता की त्यावर उभं राहिलं की हात तिथवर पोचायचा. मद्रास फौजेचा हा अधिकारी वाघाच्या शिकारीला आला होता. 'लेण्यांचा शोध' त्याच्या नावावर लागला. शेजारच्या गावाचं नाव मुळातच लेणापूर, तेव्हा तिथल्या लोकांना त्या डोंगरात काय आहे हे कुणी सांगायला हवं होतं असं वाटत नाही. पण शोधकर्त्याने पहिली गोष्ट केली ती चित्रावर आपलं नाव टाकण्याची, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुढची दीडशे वर्षं जो कुणी या चित्रांच्या प्रेमात पडला, त्यातल्या बहुतेकांनी भिंतीवर काही ना काही खूण सोडली.

वाघूर नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर एकूण तीस लेणी आहेत. नवव्या आणि दहाव्यातली जुनी चित्रं इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातली. आपण 'अजिंठा' म्हणताना जी चित्रं डोळ्यांपुढे आणतो ती मात्र बरीच नंतरची, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली आहेत. सोळावं लेणं त्याचा मंत्री वराहदेव याने करवून घेतलं, तसा शिलालेखच तिथे आहे. पहिलं, दुसरं, सोळावं आणि सतरावं ही चार लेणी म्हणजे चित्रांचं खरं वैभव.

यांना सर्रास 'फ्रेस्को' म्हणतात. ते चूक आहे. फ्रेस्कोत चुन्याचा गिलावा ओला असतानाच रंग लावतात आणि तो चुन्यात मुरतो. अजिंठ्यात गिलावा आधी वाळू दिला आहे. छिन्नीने खडबडीत ठेवलेल्या बेसॉल्टच्या काळ्या खडकावर माती, भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा थर, त्यावर पातळ चुन्याचा हात, आणि त्या कोरड्या पृष्ठभागावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. लाल आणि पिवळा गेरूचा, काळा काजळीचा, पांढरा चुन्याचा. हिरव्या रंगाची माती याच काळ्या खडकाच्या पोकळ्यांत मिळते. परका रंग एकच, निळा. राजावर्त म्हणजे लापिस लाझुली हा दगड अफगाणिस्तानातल्या बदक्शानच्या खाणींतून यायचा. जुन्या चित्रांत तो दिसत नाही, वाकाटक काळातल्या चित्रांत दिसतो. घराच्या भिंतीला पोपडे धरलेले ज्याने पाहिलेत त्याला या तंत्राचा धोका सांगायला नको. चिकट द्रव्याला दमट हवा सोसत नाही, तुसाला कीड लागते, वरून वटवाघळं आणि डोंगरातून झिरपणारं पाणी. चित्रं टिकली याचंच नवल करावं.

पहिल्या लेण्यात गाभाऱ्याच्या डाव्या हाताला पद्मपाणी, म्हणजे हाती कमळ घेतलेला बोधिसत्त्व आहे. माणसाहून मोठा, कमरेत, मानेत आणि गुडघ्यात वळलेला, उजव्या हातात नीलकमळ, डोक्यावर रत्नांचा उंच मुकुट, पापण्या खाली झुकलेल्या. जवळ जाऊन भुवया बघाव्यात. एकेक भुवई एका दमात ओढलेली आहे, कुठेही दुरुस्ती नाही, आणि त्या दोन रेघांवर अख्खा चेहरा तोललेला आहे. नाकाच्या दांड्यावर, खालच्या ओठावर आणि हनुवटीवर पांढरट छटा ठेवल्यामुळे ते भाग पुढे येतात. गालाकडे रंग हळूहळू गडद होत जातो. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात छाया दाखवण्याच्या या कलेला 'वर्तना' म्हटलंय आणि रेघांची, ठिपक्यांची असे तिचे प्रकार दिले आहेत. सावली मात्र कुठेच पडलेली नाही. उजेड कुठून येतो असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. भोवती माकडं, मोर, किन्नर, झाडं अशी सगळी गर्दी आहे आणि तिच्या मधोमध हा एकटा गप्प. मला स्वतःला सतराव्या लेण्यातली अप्सरा जास्त आवडते. तिच्या गळ्यातले अलंकार एका बाजूला झुकलेत, त्यावरूनच ती उडते आहे हे कळतं. पण पद्मपाणीसमोर कुणी वाद घालत नाही.

आता नकलांची गोष्ट. वास्तुकलेचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला आणि ही चित्रं नष्ट होण्याआधी त्यांच्या प्रती करून घ्याव्यात असा धोशा लावला. त्यांना घाई होती ती उगीच नव्हे. मुंबईच्या डॉ. जेम्स बर्ड या गृहस्थांनी लेण्यातल्या काही आकृती सोलून नेल्या होत्या आणि त्यांचा भुगा झाला होता. ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिलला हे काम दिलं. १८४४ मध्ये नेमणूक झाली आणि माणूस त्या डोंगरात जवळजवळ वीस वर्षं अडकला. अजिंठा गावातल्या बारादरीत राहायचं, लेण्यात येऊन मोठाल्या कॅनव्हासवर तेलरंगात चित्रं उतरवायची. इथल्याच पारो नावाच्या बाईशी त्याचं नातं जुळलं. १८५६ मध्ये ती गेली. तिची कबर अजिंठा गावात आहे आणि तिच्यावरच्या लेखात गिलने तिला 'माझी प्रिय' म्हटलंय. आपल्याकडे कविता आणि सिनेमा या प्रेमकथेवरच झाले, त्यामुळे गिल म्हटलं की पारो आठवते आणि त्याचं काम मागे पडतं.

त्या कामाचं काय झालं? सुमारे तीस चित्रं लंडनला गेली. त्यातली बहुतेक सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांना पाहायला मांडली होती. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली. वाचलेल्या चित्रांना हाताची बोटं पुरतात. वीस वर्षांचं काम एका आगीत गेलं. गिल तोवर कॅमेऱ्याकडे वळला होता आणि त्याने काढलेले लेण्यांचे फोटो १८६४ मध्ये फर्ग्युसन यांच्या मजकुरासह पुस्तकात छापले गेले. १८७९ मध्ये तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे, पारोच्या कबरीपासून बरीच लांब.

मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पाळी आली. तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले आणि मधे खंड पडत हे काम १८८५ पर्यंत चाललं. या विद्यार्थ्यांपैकी पेस्तनजी बोमनजी पुढे नामांकित व्यक्तिचित्रकार झाले. एकूण सुमारे तीनशे कॅनव्हास तयार झाले. इथे मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. जे. जे.चा अभ्यासक्रम युरोपातल्या पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे समोर ठेवून रेखाटन शिकवणारा. त्याच शाळेतली पोरं सतराव्या लेण्यात बसून आपल्याच भागातल्या दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकारांची रेघ गिरवत होती. मुंबईतल्या कलाशिक्षणाला आपल्या मातीतला नमुना मिळाला तो या सहलींत.

हे कॅनव्हासही लंडनला रवाना झाले. १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात आग लागली आणि शंभरावर कॅनव्हास जळाले. उरलेल्यांवरून आणि नोंदींवरून ग्रिफिथ्सनी १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ छापला.

पुढची फेरी क्रिस्टियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीची. १९०९ ते १९११ च्या दरम्यान तिने नकला केल्या. तिच्या मदतीला कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि वेंकटप्पा आले होते. इंग्लंडला परतल्यावर तिचं मानसिक स्वास्थ्य ढासळलं आणि उरलेलं आयुष्य रुग्णालयात गेलं. मग अराई काम्पो हा जपानी चित्रकार आला. त्याने नेलेल्या नकला टोकियोच्या विद्यापीठात होत्या, १९२३ च्या भूकंपात त्या गेल्या. एवढं सगळं ओळीने सांगितलं की कुणीतरी हमखास 'शाप' म्हणतं. तेलात भिजलेले मोठमोठे कॅनव्हास, काच-लाकडाच्या इमारती आणि गॅसचे दिवे हे एकत्र ठेवल्यावर शापाची गरज पडत नाही.

खरी झीज घरीच चालू होती. नकला करणाऱ्यांना धुरकटलेल्या भिंतीवरचे रंग उठून दिसायला हवे होते, म्हणून त्यांनी चित्रांवर व्हार्निश फिरवलं. तात्पुरता फायदा झाला, नंतर त्याचा पिवळा तपकिरी पापुद्रा धरला. लेणी निजामाच्या हद्दीत होती. हैदराबादचे पुरातत्त्व संचालक गुलाम यझदानी यांच्या काळात, १९२० च्या सुमारास, इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि त्याचा साथीदार यांना बोलावलं गेलं. सुटत चाललेला गिलावा त्यांनी भिंतीला पुन्हा चिकटवला, त्याबद्दल त्यांचे उपकार मानायलाच हवेत. पण वरून शेलॅक, म्हणजे लाखेचा लेप दिला. तोही काळवंडला. स्वातंत्र्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे लेणी आली तेव्हापासून हे लेप तसूतसूने उतरवणं सुरू आहे. यझदानींचे फोटोंचे चार खंड (१९३० ते १९५५) मात्र आजही उघडून बघावेत असे आहेत.

या धडपडीतून चित्रं भिंतीबाहेर पडली आणि कुठे कुठे पोचली! रशियन नर्तकी अ‍ॅना पावलोव्हाने १९२३ मध्ये अजिंठ्यावर बॅले बसवला. चित्रकार अमृता शेरगिल १९३६ मध्ये इथे येऊन गेली, आणि तिची त्यानंतरची चित्रं पाहिली की पॅरिसमध्ये शिकलेला हात कुठे वळला ते दिसतं. नंदलाल बोसांनी तरुणपणी इथे गिरवलेली रेघ पुढे भारताच्या संविधानाच्या मूळ हस्तलिखिताच्या सजावटीत उतरली.

ग्रिफिथ्सचे वाचलेले कॅनव्हास लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. अनेक दशकं ते गुंडाळ्या करून ठेवलेले होते. उलगडले तेव्हा ठिकठिकाणी रंगाचे टवके गेलेले, कडा करपलेल्या. पण त्यांच्यापैकी काहींवर असे प्रसंग आहेत जे अजिंठ्याच्या भिंतीवरून आता पुसले गेलेत. तिथे गिलावा पडून काळा खडक उघडा पडलाय आणि ते चित्र बघायचं तर लंडनच गाठावं लागतं. पहिल्या लेण्यात आत शिरलं की सुरुवातीला काहीच दिसत नाही. दिवे मंद ठेवलेत, फ्लॅशला बंदी आहे, चपला बाहेर. डोळे सरावायला चार-पाच मिनिटं लागतात, आणि नेमक्या तेवढ्या वेळात बहुतेक माणसं पुढच्या लेण्याकडे निघालेली असतात.