आधी माणूस, मग मोजपट्टी

आयझॅक असिमॉव्ह हे नाव विज्ञानकथांच्या मराठी वाचकाला नवं नाही. १९३५ साली, पंधराव्या वर्षी, त्याने न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात अर्ज केला आणि मुलाखतही दिली. प्रवेश मिळाला तो मात्र ब्रुकलिनमधल्या सेठ लो ज्युनिअर कॉलेजात. हे कॉलेज कोलंबियानेच १९२८ मध्ये काढलं होतं. तिथली बहुतेक मुलं ज्यू, उरलेल्यांत इटालियन घरांतली बरीच. अभ्यासात ती कुठे कमी नव्हती, पण मुख्य आवारात त्यांची गर्दी नको होती.

अमेरिकेतल्या बड्या खासगी कॉलेजांचे प्रवेश पहिल्या महायुद्धापर्यंत तसे साधे असत. कॉलेजची परीक्षा उत्तीर्ण व्हायचं, फी भरायची आणि आत जायचं. पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांतली मुलं ही परीक्षा भराभर उत्तीर्ण होऊ लागली तेव्हा पंचाईत झाली. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात जिथे शिकले त्याच कोलंबियाने पुढच्या काही वर्षांत प्रवेशाची रीतच बदलली. अर्जात धर्म, वडिलांचं जन्मस्थान, छायाचित्र हे सगळं आलं, मुलाखत आली. हार्वर्डमध्ये १९०० साली ज्यू विद्यार्थी सुमारे ७ टक्के होते, ते १९२२ पर्यंत २१ टक्क्यांच्या वर गेले. अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांनी उघडउघड १५ टक्क्यांची मर्यादा सुचवली. ती फेटाळली गेली, कारण उघड कोटा शोभला नसता. मग १९२६ मध्ये पहिल्या वर्षाच्या जागा हजारावर गोठवल्या आणि निवडीत ‘चारित्र्य’ मोजायचं ठरलं. तोवर अर्जात एक प्रश्नही आला होता : जन्मानंतर तुमच्या किंवा वडिलांच्या नावात काही बदल केला आहे का? सविस्तर लिहा. चारित्र्याचा आणि आडनावाचा संबंध काय, हे कुणी विचारलं नाही. ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण मात्र घसरलं.

लॉवेल यांचा हेतू स्पष्ट होता, त्यामुळे ते प्रकरण समजायला सोपं आहे. मानसशास्त्रज्ञांना रस आहे तो याहून अवघड प्रश्नात : मनात काही वाकडं नाही असं प्रामाणिकपणे मानणारा माणूसही हेच करतो का?

एरिक उल्मन आणि जॉफ्री कोहेन यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात वंशाऐवजी स्त्री-पुरुष असा फरक घेतला होता, पण मनाची चाल तीच दिसते. सहभागींना पोलीसप्रमुखाच्या पदासाठी उमेदवार निवडायचा होता. एका उमेदवाराकडे रस्त्यावरचा अनुभव होता, तर दुसऱ्याकडे शिक्षण आणि प्रशासनाची जाण. कागद तेच ठेवून फक्त नावं बदलली, एकदा पुरुषाचं आणि एकदा बाईचं. शिकलेला उमेदवार पुरुष असला की ‘या पदाला शिक्षण फार महत्त्वाचं’ असं उत्तर येई, आणि पुरुष उमेदवार कमी शिकलेला असला की शिक्षणाचं वजन खाली येई. म्हणजे पट्टी आधी ठरून माणूस मोजला जात नव्हता. माणूस पसंत पडला की त्याच्या मापाची पट्टी निघत होती. आपण फार वस्तुनिष्ठ आहोत असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यात हा कल जास्त होता, ही यातली खरी मेख. उमेदवार दाखवण्याआधीच निकषांचं वजन लिहून घेतलं तेव्हा मात्र भेदभाव नाहीसा झाला.

समाजशास्त्रज्ञ फ्रँक सॅमसन यांचा २०१३ मधला अभ्यास थेट वंशाबद्दल आहे. त्यांनी कॅलिफोर्नियातल्या गोऱ्या प्रौढांना विचारलं, की विद्यापीठ प्रवेशात गुणांना किती महत्त्व असावं? त्यातल्या निम्म्यांना प्रश्नाआधी एक वाक्य वाचायला दिलं : राज्याच्या विद्यापीठात आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांचं प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्याच्या दुपटीहून अधिक आहे. हे वाचलेल्यांच्या उत्तरांत गुणांचं महत्त्व कमी झालं आणि नेतृत्वगुण वर आले. कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या झुकत्या मापावर ‘मार्क बघा, मार्क!’ असं बोट दाखवलं जातं, पण मार्कांत कुणी तिसराच पुढे गेला की मार्क म्हणजे सगळं नव्हे, असं आठवतं.

प्रवेशात आशियाई वंशाच्या मुलांशी भेदभाव होतो, असा आरोप करत हार्वर्डवर २०१४ मध्ये दाखल झालेल्या खटल्यात हाच वाद आकड्यांत उतरला. तिथे प्रत्येक अर्जदाराला अभ्यास, इतर उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व अशा चार बाबींत श्रेणी मिळते. व्यक्तिमत्त्व म्हणजे धैर्य, जिव्हाळा, लोकांना आवडणं वगैरे. आशियाई वंशाची मुलं अभ्यासात आणि उपक्रमांत गोऱ्या मुलांच्या पुढे होती, व्यक्तिमत्त्वात मात्र मागे. प्रत्यक्ष भेटून मुलाखत घेणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना हा फरक तेवढा दिसला नव्हता. तो कार्यालयात फाइल वाचणाऱ्यांना दिसला. १९९० मध्ये केंद्र सरकारने केलेल्या चौकशीतही अशा फाइलींवरचे शेरे बाहेर आले होते. त्यातल्या एकाचा आशय असा : मुलगा शांत आहे आणि अर्थातच त्याला डॉक्टर व्हायचंय. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत हे वाचून आधी हसू येईल, मग त्या ‘अर्थातच’पाशी ते थांबेल.

न्यायालयात दोन अर्थशास्त्रज्ञ समोरासमोर उभे राहिले. तक्रारदारांकडून पीटर आर्सिडियाकोनो, हार्वर्डकडून डेव्हिड कार्ड, ज्यांना पुढे २०२१ मध्ये नोबेल मिळालं. दोघांच्या हातात माहिती तीच होती, निष्कर्ष मात्र उलटे. बाकी मतभेदही होते, पण गाठ एका ठिकाणी होती : व्यक्तिमत्त्वाची श्रेणी गणितात घ्यायची की नाही? ती घेतली तर आशियाई असण्याचा तोटा जवळपास दिसेनासा होतो, कारण ‘यांचं व्यक्तिमत्त्वच कमी पडलं’ असं गणित सांगतं. वगळली तर तोटा उघडा पडतो. ही श्रेणी खरोखर माणसाचा गुण मोजत असेल तर कार्ड बरोबर. पण तिच्यातच पूर्वग्रह मिसळलेला असेल, तर ती गणितात घेणं म्हणजे चोरीचा माल हिशेबात ‘खरेदी’ म्हणून दाखवणं. आणि यांतलं खरं कुठलं हे संख्याशास्त्र एकट्याने सांगू शकत नाही. न्यायाधीश अ‍ॅलिसन बरोज यांनी २०१९ मध्ये फरक मान्य केला, पण हेतुपुरस्सर भेदभाव सिद्ध होत नाही असं म्हटलं. शाळांकडून येणाऱ्या शिफारसपत्रांमुळेही हा फरक पडला असेल, असं त्यांचं मत होतं. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला आणि प्रवेशातला वंशाचा विचार बंद केला.

माझ्या मते या खटल्यातला सगळ्यात बोलका आकडा निकालाच्या वादात मागे पडला. आर्सिडियाकोनो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की हार्वर्डने घेतलेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक चार खास गटांतले होते : खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, डीनच्या खास यादीतले (बरेचसे देणगीदारांच्या ओळखीतले) आणि कर्मचाऱ्यांची मुलं. कृष्णवर्णीय, आशियाई आणि लॅटिनो विद्यार्थ्यांत हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आत होतं. या खास गटांतल्या गोऱ्या मुलांना सर्वसाधारण गोऱ्या अर्जदारांसारखं वागवलं असतं, तर सुमारे तीन चतुर्थांश नाकारले गेले असते.

राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांच्या २०२३ मधल्या अभ्यासाने पैशाची बाजू दाखवली. प्रवेश परीक्षेतले गुण सारखेच असले तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात या बड्या कॉलेजांत पोचतात. (ते गुणसुद्धा शिकवणीच्या पैशाने वाढतात, पण ते बाजूला ठेवू.) कारणं तीन : माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप, खेळाडूंची भरती आणि अभ्यासाबाहेरच्या श्रेणी. महागड्या खासगी शाळांतल्या मुलांना या शेवटच्या श्रेणी जास्त चांगल्या मिळतात. तिथल्या समुपदेशकाकडे मोजकी मुलं असतात आणि शिफारसपत्र लिहिणं हा त्याच्या कामाचा मोठा भाग असतो. सरकारी शाळेतल्या समुपदेशकावर शेकडो मुलांचा भार असतो. पुढच्या आयुष्यातल्या यशाशी परीक्षेच्या गुणांचा संबंध दिसला. ज्या तीन गोष्टींमुळे श्रीमंत पुढे जातात त्यांचा तसा दिसला नाही.

निकालानंतरच्या पहिल्या तुकडीत एमआयटीतलं कृष्णवर्णीयांचं प्रमाण आधीच्या काही वर्षांच्या सरासरी १३ टक्क्यांवरून ५ वर आलं, आशियाईंचं ४७ टक्क्यांवर गेलं. हार्वर्डमध्ये कृष्णवर्णीय १८ वरून १४ झाले, आशियाई ३७ वरच राहिले. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना निकालाने हातही लावला नाही. कॅलिफोर्नियाने मात्र २०२४ मध्ये कायदा करून खासगी विद्यापीठांनाही ही सवलत देण्यास मनाई केली. शिक्षा एवढीच, की नियम मोडणाऱ्या संस्थेचं नाव सरकारी संकेतस्थळावर जाहीर होईल. स्टॅनफर्डने सवलत चालू ठेवली, आणि त्यासाठी राज्याच्या विद्यार्थी अनुदान योजनेतून बाहेर पडणं पसंत केलं.