चांदीची वायर आणि गोड आवाज

गणपती जवळ आले की बेळगावात मंडळांच्या बैठकीत वर्गणीच्या पाठोपाठ साऊंडचा विषय निघतो, आणि त्यात हल्ली महागड्या केबलचीही चर्चा असते. चांदीची वायर गोड वाजते म्हणे. वायरीवरच्या बाणाच्या दिशेनेच जोडायची म्हणे, नाहीतर आवाज दबतो.

बाणाचं आधी निकालात काढू. स्पीकरकडे जाणारा प्रवाह साध्या षड्जालाही सेकंदाला शेकडो वेळा उलटसुलट होतो. त्याला बाण कुठला दाखवणार? (लाल-काळी टोकं मात्र बरोबर जुळवा, ती गोष्ट वेगळी.) चांदी तांब्यापेक्षा वीज चांगली वाहते हे खरं, पण फरक जेमतेम ६ टक्क्यांचा. तांब्याची वायर किंचित जाड घेतली की तो भरून निघतो. चांदी शहापूरच्या सराफाकडेच शोभते.

म्हणजे वायरीने काहीच फरक पडत नाही? पडतो, आणि तो कसा पडतो ते बघण्यासारखं आहे.

खानापूरकडच्या एखाद्या गावात सप्ताह चालू आहे. अ‍ॅम्प्लिफायर देवळात, बॉक्स ३० मीटरवर मांडवाच्या टोकाला, मध्ये ०.५ स्क्वेअर एमएमची बारीक वायर. जाऊन-येऊन ६० मीटर तांबं, म्हणजे सुमारे २ ओहम रोध. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेलं असतं, पण तो आकडा नाममात्र. आत चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं असतं. प्रवाह आला की ते हलतं आणि कागदाच्या कोनाला, म्हणजे शंकूला हलवतं. पण चुंबकीय क्षेत्रात तार हलली की तिच्यात वीज निर्माण होते, हे आपण शाळेत शिकलोय. वेटोळ्यात तयार होणारा हा उलटा दाब येणाऱ्या प्रवाहाला अडवतो. कोनाची स्वतःची एक कंप्रता असते, खर्जातली. तिथे तो सर्वांत मोकळा हलतो, म्हणून अडवणूकही सर्वांत जास्त. त्या सुराला हाच स्पीकर ३० ओहमसारखा वागू शकतो, आणि त्याच्या जरा वर ६ पर्यंत उतरतो.

आता वाटणी बघा. ३० ओहमला वायर ३२ पैकी २ खाते, म्हणजे आवाजात साधारण अर्ध्या डेसिबलची घट (डेसिबल हे आवाजाची पातळी मोजायचं एकक). ६ ओहमला ८ पैकी २, म्हणजे अडीच डेसिबल. एकाच वायरीने दोन सुरांत २ डेसिबलचं अंतर पाडलं, आणि ते कानाला कळतं. पखवाजाची धूम घुमते, बुवांचा आवाज मागे पडतो. गंमत म्हणजे ‘या वायरीत बेस चांगला येतो’ असं म्हणणारेही भेटतात. ते खोटं बोलत नाहीत, फक्त वायर खराब आहे!

घरात ३ मीटरवर बॉक्स आणि अडीच स्क्वेअर एमएमची साधी वायर असेल, तर सगळा रोध ०.०४ ओहमच्या आसपास. ६ ओहमलाही घट ०.०६ डेसिबल. ती कुठल्याही कानाला ऐकू येणार नाही, मग वायर शंभराची असो की लाखाची.

लांब अंतराला उपाय दोन: जाड वायर, नाहीतर १०० व्होल्टची लाईन. ८ ओहमला ५० वॅट द्यायला अडीच अँपिअर लागतात, १०० व्होल्टवर अर्धाच. प्रवाह पाचपट कमी, म्हणून वायरीतली उष्णता पंचवीसपट कमी. देवळावरचे कर्णे तसल्याच बारीक वायरीवर गावभर ऐकू येतात ते यामुळे. हा १०० व्होल्टचा दाब परत उतरवायला प्रत्येक कर्ण्यामागे एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो.