वरची बाजू कुठली? अमूर्त चित्र, त्याची प्रिंट आणि घरातली भिंत

गुंडाळी उलगडून प्रिंट भिंतीशी धरली की घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, "हिची वरची बाजू कुठली?" विचारणाऱ्याला थोडा संकोच वाटतो, आपल्याला चित्रातलं काही कळत नाही असं दिसेल म्हणून. संकोचाचं काही कारण नाही. अमूर्त चित्रकलेच्या सुरुवातीच्या काळातला एक मोठा प्रसंग नेमका याच प्रश्नाभोवती घडलेला आहे.

रशियन चित्रकार वासिली कांडिन्स्की तेव्हा म्युनिकमध्ये राहत होता. बाहेर काम करून तो तिन्हीसांजेला स्टुडिओत परतला आणि दारातच थबकला. समोर भिंतीला टेकून एक चित्र उभं होतं. त्यात कसलीच वस्तू ओळखू येत नव्हती, नुसते आकार आणि रंग, पण ते विलक्षण सुंदर होतं. जवळ गेल्यावर कळलं, चित्र त्याचंच होतं, आडवं ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी उजेडात तो परिणाम पुन्हा साधायचा त्याने प्रयत्न केला, पण आता आडव्या चित्रातही त्याला वस्तू ओळखू येत राहिल्या. आपल्या चित्रांना वस्तूच बाधते, असा निष्कर्ष त्याने काढला. 1913 साली छापलेल्या आठवणींत त्याने हे सगळं लिहून ठेवलं आहे.

पुढे मोठमोठी संग्रहालयंही या प्रश्नात अडखळली. फ्रेंच चित्रकार आंरी मातीसचं कागद कापून केलेलं 'होडी' हे चित्र 1961 साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये 47 दिवस उलटं टांगलेलं होतं. ती चूक एका प्रेक्षक बाईंच्या लक्षात आली. डच चित्रकार पीट मोंड्रियानच्या 'न्यूयॉर्क सिटी 1' या 1941 च्या चित्राचं तर त्याहून अवघड झालं. रंगीत चिकटपट्ट्यांनी केलेल्या या चित्रावर सही नाही. चित्रकाराच्या स्टुडिओतल्या जुन्या छायाचित्रात ते आजच्या उलट दिशेने उभं दिसतं, म्हणून गेली कित्येक दशकं आपण ते उलटं पाहत आलो असावं, असं 2022 मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयातल्या एका अभ्यासक बाईंनी मांडलं. पण आता सरळ करायला जावं तर जुन्या पट्ट्या सुटतील, म्हणून ते आहे तसंच ठेवलं गेलं.

तेव्हा घरात प्रिंट लावताना सही किंवा मागची नोंद पाहून दिशा नक्की करावी हे खरंच, पण त्याआधी ती चारही बाजूंनी फिरवून पाहावी असं मी आवर्जून सांगेन. वजन कुठे सरकतं, कुठला रंग पुढे येतो, हे त्या चार मिनिटांत जितकं कळतं तितकं महिनाभर रोज पाहूनही कळत नाही.

दुसरा प्रश्न जागेचा. इथे गोष्ट 1915 च्या डिसेंबरात, रशियातल्या पेट्रोग्राडमध्ये (आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये) सुरू होते. चित्रकार काझिमिर मालेविचने एका प्रदर्शनात आपली नवी चित्रं भिंतभर लावली आणि 'काळा चौकोन' हे चित्र मात्र दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात, छताजवळ टांगला. रशियन घरात ती जागा पूज्य प्रतिमेची. जेमतेम 80 सेंटिमीटर बाजूचा हा चौकोन कुठे टांगला आहे हे पाहूनच लोकांना समजलं की चित्रकार काय म्हणतो आहे. चित्राची जागा हा चित्राच्या अर्थाचा भाग असतो, ही समज अमूर्त चित्रकलेला तिच्या जन्मापासूनच आहे.

मोंड्रियानने तर राहती खोलीच चित्रासारखी मांडली. पॅरिसच्या त्याच्या स्टुडिओत भिंतींवर लाल, निळे, पिवळे, करडे पुठ्ठ्याचे आयत लावलेले असत आणि तो ते सारखे हलवून पाहत असे. चौकटीबद्दलही त्याचा ठाम विचार होता. खोल, नक्षीदार चौकट चित्राला खिडकी बनवते, आणि खिडकी म्हटली की डोळा पलीकडचं दृश्य शोधायला लागतो. म्हणून त्याने कॅनव्हास चौकटीच्या आत न बसवता तिच्यापुढे आणला. आज प्रिंटला सडपातळ, साधी फ्रेम सुचवली जाते त्यामागे हा विचार आहे. जाड सोनेरी फ्रेम भौमितिक चित्राला मारते असं मलाही वाटतं.

अमेरिकन चित्रकार मार्क रॉथकोच्या सूचना आणखी बारीक होत्या. 1961 मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीतल्या प्रदर्शनासाठी त्याने कळवलं होतं की भिंती पांढऱ्याशुभ्र नकोत, त्यात थोडी ऊब असलेला रंग मिसळा. उजेड प्रखर नको. आणि मोठी चित्रं जमिनीपासून शक्यतो सहा इंचांपेक्षा वर नकोत. पाहणाऱ्याने चित्रासमोर नव्हे, चित्रात उभं राहावं, ही त्याची इच्छा. हाताएवढ्या प्रिंटला हा नियम शब्दशः लावला तर ती सोफ्यामागे जाईल. पण त्यातला हेतू लागू पडतो. रॉथकोची प्रिंट उंचावर, दारावर वगैरे टांगू नये. जिथे आपण बराच वेळ बसतो, जिथून ती हातभर अंतरावर दिसते आणि जिथे संध्याकाळी मंद उजेड असतो, ती तिची जागा.

आता तिसरा प्रश्न, जो मनातल्या मनात सगळ्यांनाच पडतो: मूळ चित्र नसताना नुसती प्रिंट लावण्यात अर्थ आहे का?

यावर 1929 साली जर्मनीत चांगलाच वाद झाला होता. हानोवरमध्ये एका प्रदर्शनात मूळ कलाकृती आणि त्यांच्या उत्तम छापील प्रतिकृती शेजारी शेजारी लावल्या आणि प्रेक्षकांना त्या ओळखायला सांगितल्या. भल्याभल्यांची फसगत झाली. ही फसवणूक आहे, असं काहींनी म्हटलं. कलेतिहासकार एर्विन पानोफ्स्कीने पुढच्या वर्षी त्यावर लिहिताना ग्रामोफोनच्या तबकडीची उपमा दिली. तबकडी ऐकणाऱ्याला गायक खोलीत आला आहे असं वाटत नाही, तरी गाणं त्याच्यापर्यंत पोचतंच. मला हे अगदी पटतं. प्रिंटकडून मूळ चित्र होण्याची अपेक्षा सोडली की तिच्याकडून मिळणारं पुष्कळ असतं.

काय हरवतं तेही डोळसपणे पाहायला हवं. माझ्याकडे मोंड्रियानची एक ऑफसेट प्रिंट आहे. तिच्यावर भिंग धरलं की करडा पट्टा नाहीसा होतो आणि निळ्या, गुलाबी, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांची रांगोळी दिसते. पांढरा भाग म्हणजे तर कोरा कागद, तिथे शाईच नाही. मूळ चित्रात हाच पांढरा रंग थरावर थर देऊन, एका आयतात ब्रश आडवा आणि दुसऱ्यात उभा फिरवून केलेला असतो. वासुदेव गायतोंडेंसारख्या चित्रकाराच्या बाबतीत नुकसान आणखी मोठं. रोलर आणि सुरीने रंग लावून, काढून त्यांनी जो पृष्ठभाग घडवला तोच त्यांच्या चित्राचा प्राण आहे, आणि कागदावर तो सपाट होतो. रंगांचं नातं आणि आकारांचं प्रमाण मात्र प्रिंटमध्ये बऱ्यापैकी टिकतं. ज्या चित्राची मदार याच दोन गोष्टींवर आहे, त्याची प्रिंट घरात सगळ्यात चांगली बोलते.

काही चित्रकारांनी तर छपाईलाच आपलं माध्यम केलं. जोसेफ आल्बर्सने रंगांच्या परस्परसंबंधांवरचं आपलं 1963 चं पुस्तक रेशमी जाळीतून छापून घेतलं, कारण त्याला ठिपके नको होते, अखंड सपाट रंग हवा होता. एकच रंग दोन वेगळ्या पार्श्वभूमींवर दोन वेगळे रंग वाटतो, हे त्याने पानोपानी दाखवलं. भिंतीचा रंग निवडताना हे आठवावं. पिवळसर भिंतीवर करडी प्रिंट निळसर दिसू लागते, आणि मधे रुंद पांढरा माउंट, म्हणजे चित्राभोवती पुठ्ठ्याची कड, दिला की ती पुन्हा सावरते. चित्रकाराच्या हातून किंवा देखरेखीखाली, ठरावीक संख्येत निघालेल्या अशा छापाला मुद्राचित्र म्हणतात. ती स्वतंत्र कलाकृती असते, प्रतिकृती नव्हे.

आज घरोघरी दिसणारी इंकजेट प्रिंट मात्र वेगळ्या वाटेने आली. छापखान्यात नमुना प्रत काढायची आयरिस यंत्रं कॅलिफोर्नियातल्या काही मंडळींनी कलाकृती छापायला वापरली, आणि 1991 मध्ये जॅक डुगान यांनी या प्रिंटला 'जिक्ले' हे नाव दिलं. फ्रेंच भाषेतल्या फवाऱ्याच्या शब्दावरून ते घडवलेलं आहे. सुरुवातीच्या शाया लवकर फिक्या पडत. पुढे पिगमेंट शाया, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाया, आल्या आणि टिकाऊपणा खूप वाढला. घेताना शाई पिगमेंटची आहे का आणि कागद आम्लरहित आहे का, एवढं तरी विचारावंच.

तरीही ऊन कुणालाच सोडत नाही. रॉथकोने हार्वर्ड विद्यापीठासाठी केलेली भित्तिचित्रं 1964 मध्ये मोठमोठ्या खिडक्यांच्या जेवणाच्या दालनात लावली गेली. त्यातला लिथॉल रेड हा लाल रंग उन्हाने उडत गेला, किरमिजी भाग काही ठिकाणी फिकट निळे दिसू लागले, आणि 1979 पर्यंत चित्रं उतरवून ठेवावी लागली. 2014 मध्ये ती पुन्हा दाखवली तेव्हा हरवलेला रंग प्रोजेक्टरमधून उजेडाच्या रूपाने चित्रावर टाकला होता. संध्याकाळी तो उजेड बंद केला की खालचं फिकट चित्र उघडं पडायचं. माझी प्रिंट पूर्वी खिडकीसमोरच्या भिंतीवर होती. हे वाचलं त्याच दिवशी तिथून काढली. आता ती खिडकीच्याच भिंतीवर, बाजूला आहे. दिवसा जरा अंधारात असते, आणि दिवा लावला की लाल चौकोन सगळ्यात आधी दिसतो.