लेबल नसलेली जुनी शाल: पश्मिना, मेरिनो की अजून काही?

ट्रंकेतल्या जुन्या शालीला लेबल नसतं, मग घरात वाद सुरू होतो, कोणी म्हणतं पश्मिना आहे, कोणी म्हणतं साधी लोकर, आणि कोणीतरी अंगठी काढून देतं की यातून ओढून बघा. अंगठीचं आधीच सांगून टाकते, तो निकष धरू नका. कापड पातळ आणि विरळ विणीचं असलं की ते अंगठीतून जातं, मग ते स्वस्तातलं व्हिस्कोस (कृत्रिम रेशीम) का असेना, आणि जाड विणीची अस्सल पश्मिना मात्र अडकून बसते. हाताला लागणारा मऊपणाही फसवतो, कारण सॉफ्टनर लावून साधं कापडही मऊ करता येतं आणि वर्षानुवर्षं साबणाने धुतलेली चांगली लोकर खरखरीत होते.

गोंधळ होतो कारण आपण दोन प्रश्न एकात मिसळतो. धागा प्राण्याचा आहे का, हा एक प्रश्न. कुठल्या प्राण्याचा, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर घरच्या घरी मिळतं, दुसऱ्याला मायक्रोस्कोप लागतो आणि कधीकधी तोही पुरत नाही.

पहिल्यासाठी काठाच्या आतून एक उभा आणि एक आडवा धागा काढा. दोन्ही हवेत, कारण बऱ्याच शालींमध्ये उभा धागा रेशमाचा किंवा सुताचा आणि आडवा लोकरीचा असतो. चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा. लोकर ज्योतीपासून आक्रसते, चरचरते, ज्योत बाजूला केली की बहुतेक वेळा आपोआप विझते, जळक्या केसांचा वास येतो आणि मागे काळी राख उरते जी बोटाने दाबली की भुगा होते. सूत आणि व्हिस्कोस कागदासारख्या वासाने जळत राहतं. अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो, तो चुरडत नाही. अजून एक खूण म्हणजे कसर. कसरीच्या अळीला लोकरीतलं केराटिन, म्हणजे केस ज्याचे बनतात ते प्रथिन, पचवता येतं, त्यामुळे तिने पाडलेली भोकं दिसली तर धागा प्राण्याचा असण्याची शक्यता बरीच वाढते.

मिश्रण आहे का बघायचं तर घरातलं साधं ब्लीच काचेच्या वाटीत घेऊन त्यात धागा टाका, खिडकी उघडी ठेवा आणि त्यात अ‍ॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन निघतो. लोकर आणि रेशीम बुडबुडे सोडत विरघळून जातं, सूत आणि अ‍ॅक्रिलिक तसंच उरतं.

इथे बरेच लोक थांबतात आणि “केसांचा वास आला म्हणजे अस्सल पश्मिना” असं ठरवून मोकळे होतात. हे चूक आहे. मेंढीची लोकर, पश्मिना, अंगोरा ससा, उंट, आपले डोक्यावरचे केस, सगळं केराटिनच. सगळ्यांना तोच वास येतो, सगळं तसंच विरघळतं.

मग फरक कुठे असतो तर जाडीत आणि खवल्यांत. प्रत्येक केसावर बारीक खवले असतात, कौलं जशी एकावर एक चढवलेली असतात तसे. मेंढीच्या लोकरीत खवल्याची कड साधारण 0.8 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर आलेली असते, शंभर मायक्रॉन लांबीत नऊ-दहा किंवा जास्त खवले दिसतात. कश्मिरी बकरीच्या पश्ममध्ये, म्हणजे पश्मिनाच्या लोकरीत, कड 0.3 ते 0.4 मायक्रॉनची, खवले लांब आणि अंगाला चिकटलेले, तेवढ्याच लांबीत सहा-सात. जाडी बघितली तर मेरिनो, म्हणजे बारीक लोकरीच्या जातीची मेंढी, साधारण 17 ते 24 मायक्रॉन, चांगली पश्मिना 12 ते 16. काश्मीर पश्मिनाला 2008 साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्यातही 16 मायक्रॉनची मर्यादा आहे. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर याहून कितीतरी भरड, म्हणूनच घोंगडी टोचते आणि म्हणूनच ती इतकी टिकते.

शाळेत असतो तसा 400 पट मोठं दाखवणारा मायक्रोस्कोप मिळाला तर हे घरीही बघता येतं. काचपट्टीवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर लावायचा, अर्धवट वाळला की त्यात सुटा तंतू हलक्या हाताने दाबायचा, पूर्ण वाळल्यावर उचलून काढायचा. तंतू निघतो आणि खवल्यांचा ठसा मागे राहतो, आणि गडद रंगवलेल्या धाग्यात जे दिसत नाही ते या ठशात स्वच्छ दिसतं. जाडीसाठी शेजारी स्वतःचा एक केस ठेवा, तो बहुधा 50 ते 100 मायक्रॉनच्या मध्ये असतो, तंतू त्याच्या पाचव्या हिश्शाएवढा दिसला तर आपण बारीक लोकरीच्या टापूत आहोत एवढं कळतं. निदान वीस-तीस तंतू बघा, एकावरून काही ठरवू नका. अंगोरा सशाचा तंतू ओळखायला सगळ्यात सोपा, त्याच्या आतली पोकळी आडव्या कप्प्यांत विभागलेली असते.

आता यातला खड्डा. मशीनमध्ये धुता यावी म्हणून मेरिनोवर क्लोरीनची प्रक्रिया करतात, तिने खवल्यांच्या कडा झिजतात आणि मेरिनो पश्मिनासारखी दिसायला लागते. जुन्या कापडात वापराने, ब्लीचने, रंगाईने तेच होतं. चांगला अनुभवी माणूसही अशा धाग्यावर अडतो. मग प्रयोगशाळा केराटिनचेच तुकडे करतात, ट्रिप्सिन नावाच्या एन्झाइमने, आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर त्या तुकड्यांची वजनं मोजतात, कारण मेंढी आणि बकरीच्या केराटिनमध्ये थोडे अमिनो आम्ल वेगळे असतात. खवले झिजले तरी प्रथिनातली ही ओळख बऱ्यापैकी शाबूत राहते. रंगवलेल्या जुन्या कापडात डीएनए फार तुटलेला असतो, म्हणून ही पद्धत मला जास्त भरवशाची वाटते.

हे सगळं फक्त किमतीसाठी नाही, एक शाल अशी आहे जिच्यासाठी ही ओळख कायद्याचा प्रश्न होते. शहतूश. तिबेटच्या पठारावरच्या चिरू हरणाची लोकर, साधारण 9 ते 12 मायक्रॉन. चिरू पाळता येत नाही, कातरता येत नाही, मारूनच लोकर काढतात आणि एका शालीसाठी तीन-चार जनावरं जातात. वन्यजीव संरक्षण कायद्यात चिरू पहिल्या परिशिष्टात आहे, आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराची बंदी आहे, तरी जम्मू-काश्मीरमध्ये तिथल्या वेगळ्या कायद्यामुळे 2002 पर्यंत परवान्यावर हा व्यापार चालत होता. तपासणारे इथे मऊ तंतूवर भिस्त न ठेवता राठ केस शोधतात. हाताने कितीही निवडलं तरी शालीत थोडे राठ केस राहतातच, आणि चिरूच्या राठ केसाच्या आत गोलसर पेशी गच्च भरलेल्या दिसतात, बकरीच्या केसात तसं नसतं. एवढे दोन-चार केस माल जप्त व्हायला कारण ठरलेत. घरातली जुनी शाल अशी वाटली तर ती विकायला किंवा परदेशी पाठवायला काढू नका, आधी वनखात्याकडे विचारा.

बाकी शालींसाठी प्रयोगशाळा हाच शेवटचा उपाय. आपल्याकडे ठाण्यात वूल रिसर्च असोसिएशन आहे, लोकरीच्याच कामासाठी उभी राहिलेली संस्था. कुठेही नमुना देताना उभे आणि आडवे धागे वेगवेगळ्या कागदी पुडीत द्या, भरतकामाचा धागा त्यात मिसळू देऊ नका, आणि शाल कधी ड्रायक्लीन झाली, रफू झाली हे माहीत असेल तर लिहून द्या, कारण रफूचा धागा बहुधा दुसऱ्याच लोकरीचा असतो आणि तोच नेमका नमुन्यात गेला तर सगळा अहवाल चुकतो.